हिवराखालची पांढरी

परातीत टण्णकन काही वाजलं आणि गोपिकेच्या हातातली चाळणी जागच्या जागी थांबली.

चैत्राची दुपार होती. सासू, रंभाबाई, आतल्या खोलीत कलंडल्या होत्या. सात वर्षांची लेक तारा उंबऱ्यात बसून पाटीवर अक्षरं गिरवत होती. घर असं गपगार, की चाळणीतून झटकलेल्या खड्याचा आवाजही देवळातल्या घंटेसारखा झाला. सासू उठतात की काय म्हणून गोपिकेनं आधी दाराकडे पाहिलं, मग परातीतल्या खड्यांमधून बोट फिरवलं. हाती आला तो मणी होता. लाल, दगडाचा, आरपार भोक पाडलेला.

तिनं कोंडलेला श्वास सोडला. लाल होता. काळा नव्हता.

बोरडोह गावाची शेतं सगळी काळ्या मातीची. पण तिचे सासरे दादाजी पाटील यांच्या कोलार नदीकाठच्या वावरात मधोमध एक उंचवटा होता आणि त्याची माती राखेसारखी पांढुरकी होती. लोक त्याला पांढरी म्हणत. एरवी गाव वसतं त्या जागेला पांढरी म्हणायचं. इथं गावाचा मागमूस नव्हता, नुसत्या खापऱ्या, गवत आणि एक हिवराचं झाड. बायका सणासुदीला तिथली माती आणून भिंती पोतारत, एवढाच तिचा उपयोग. पण यंदा दादाजींनी संत्र्याचा नवा बगीचा लावला आणि सावनेरच्या बाजारात कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की पांढरीची माती बुडाशी घातली की झाड फळांनी वाकतं. तेव्हापासून रोज बैलबंड्या जुंपल्या जात. नदीकडची बाजू खाऊन झाली होती. कुदळी आता हिवराकडे सरकत होत्या.

आणि हिवराच्या बुडाशी गोपिकेची शामला होती.

म्हणून ती पोतारण्यासाठी घरी आलेली माती टोपली टोपली चाळायची. रंभाबाई शेजारणींना कौतुकानं सांगत, की आमच्या सुनेला पांढरी पिठासारखी बारीक लागते. गोपिका शोधत असायची ते शामलाच्या मनगटातले काळे मणी. सापडू नयेत म्हणून शोधायची.

चार वर्षांमागची गोष्ट. कापसाची वेचणी चालली होती आणि दोन महिन्यांच्या शामलाला सासूजवळ ठेवून गोपिका वावरात गेली होती. तान्ह्या लेकराला मोहरीएवढी अफू चाटवून निजवायचं, हे त्या काळी घरोघरी चाले. रंभाबाईंनी आपली सारी लेकरं तशीच वाढवली होती. त्या दिवशी शामला मध्येच उठून रडायला लागली म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा चाटवली. ती मोहरीएवढी नव्हती. संध्याकाळी गोपिका पान्ह्यानं भिजलेली चोळी घेऊन धावत आली, तेव्हा लेकरू झोळीत निजलेलंच होतं.

गावात कोणी जन्मलं-मेलं तर कोतवाल कवडू ती खबर ठाण्यात देई. अफूनं लेकरू गेलं म्हणजे पंचनामा. म्हणून कवडूला कळू दिलं नाही. उजाडायच्या आत गोपिकेच्या नवऱ्यानं, रुपरावनं, हिवराखाली खड्डा केला. गोपिकेनं एक मडकं मागितलं, तर रंभाबाई म्हणाल्या, "पोरीसाठी नवं मडकं कायले नासवतं वं?" तेव्हा तिनं परसातलं एक जुनं भांडं घेतलं. लग्न होऊन आली त्या वर्षी पांढरीत माती काढताना तिलाच ते सापडलं होतं. बाहेरून लाल, आतून काळंभोर, गुळगुळीत. रंभाबाई त्यातून कोंबड्यांना पाणी पाजत. तिनं ते धुतलं, पुसलं, ताराच्या मनगट्या सोडवून त्यातले अर्धे मणी नव्या दोऱ्यात ओवले आणि शामलाच्या हाताला बांधले. तिचे पाय पोटाशी घेतले, डोकं नदीकडे केलं, वर तसलीच एक जुनी परळ, मातीची पसरट थाळी, पालथी घातली.

गावाला सांगितलं, की पोर आजोळी कन्हानला नेली आहे. महिन्यानं सांगितलं, की तिकडेच तापानं गेली. त्या दिवशी गावच्या बायका रडायला आल्या आणि गोपिकेला त्या दिवशी रडावं लागलं. तोवर ती हसून भाकरी वाढत होती.

आता तो लाल मणी मुठीत घेऊन ती उठली. ओसरीवर पाहुणे बसले होते, चंपतराव मास्तर. नागपूरच्या एका शाळेत इतिहास शिकवत. पलीकडच्या माळावर दगडांची जुनी वर्तुळं आहेत, ती पाहायला सुट्टीत आले होते आणि पाटलाचं घर म्हणून इथं उतरले होते. आदल्या संध्याकाळी दाराआडून गोपिकेनं त्यांचं बोलणं ऐकलं होतं. जुन्या माणसांच्या वस्तीची जागा मोडू नये असा सरकारचा कायदा आहे, एकदा का तिथं पाटी लागली की मालकालासुद्धा खुंटी ठोकता येत नाही, असं ते सांगत होते. दादाजींनी जांभई दिली होती. गोपिकेला मात्र झोप लागली नव्हती. खुंटीसुद्धा नाही, हे शब्द तिनं अंगाई घोळवावी तसे घोळवले होते.

तिनं ताराच्या हातावर मणी ठेवला. "जा, पाहुण्याले दे. म्हण, पांढरीत भेटला."

चंपतरावांनी मणी पाहिला आणि ते जेवणाचं विसरून वावराकडे पळाले. उन्हात पांढरीभर फिरले, बंड्यांनी कापलेल्या कडेला हात लावला न लावला तोच मागे घेतला, जणू झोपलेल्या माणसाच्या अंगावर पाय पडला. कडेत चुलीची राख होती, जळके दाणे होते, चोपलेल्या भुईचे थर एकावर एक होते. परत आले ते घामानं निथळत. इथं गाव होतं, ते दादाजींना सांगू लागले. लोखंड नवं नवं हाती आलं तेव्हाचं, दोन हजार वर्षांमागचं, जास्तच असेल. तुम्ही म्हणता ना पांढरी, ती खरीच पांढरी आहे. गाव गेलं, नाव तेवढं राहिलं. आणि तुम्ही ते गाव बंडीत भरून संत्र्यांना घालताय.

दादाजींना दोन हजार वर्षांचं काही पडलं नव्हतं. पण आपल्या वावरात सरकारी पाटी लागणार, तालुक्यात बोरडोहच्या पाटलाचं नाव होणार, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"मिरगाच्या आत कागद आणा, मास्तर. नाही तर माह्या बंड्या काही थांबत नाहीत."

बंड्या थांबल्या. गोपिकेनं त्या दिवशी मास्तरांच्या भाकरीवर लोण्याचा गोळा चुपचाप वाढवला.

पण नुसत्या खापऱ्यांनी साहेबलोक हलत नाहीत, हे चंपतरावांनाच ठाऊक होतं. काही तरी अख्खं दाखवायला हवं होतं, पाहताच डोळे थांबतील असं. त्यांनी उंचवट्याच्या पूर्वेला, हिवरापासून लांब, एक छोटा खड्डा आखून घेतला. दोन गडी लावले, स्वतः गुडघ्यावर बसून खुरपं चालवलं. तुकडे निघाले, राख निघाली, एक मोडकी कुऱ्हाड निघाली. अख्खं काही निघेना. मृग जवळ येत चालला. गोपिका रोज शिदोरी घेऊन जाई आणि परत येताना हिवराखाली क्षणभर टेकायची. पदरानं वारा घेते असं दाखवायची. तिला वाटे, शामले, आता तुला कोणी हलवत नाही बाई, मास्तर आलेत.

घरात मात्र रंभाबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला होता. पाहुण्याला दोन वेळा ताजं लागतं, पाहुण्याचं धोतर धुवावं लागतं, गडी मातीचे पाय घेऊन ओसरीवर चढतात.

"तुह्या त्या मण्यानं जावाई आणला घरात," एका सकाळी त्या चुलीशी बसून म्हणाल्या. "काय पायजे म्हणे त्याले?"

"अख्खं मडकं भेटलं पायजे म्हणत होते, आत्याबाई."

"भेटलं का जाईन?"

"जातीन. मंग पाटीच लागन."

रंभाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. मग टम्म फुगलेली ती भाकरी स्वतःच्या हातानं पाहुण्याच्या ताटात ठेवली. गोपिकेला वाटलं, सासूचा राग उतरला.

दुसऱ्या दिवशी ती शिदोरी डोक्यावर घेऊन वावराच्या बांधावर आली, तर पूर्वेच्या खड्ड्यात कोणी नव्हतं. माणसं हिवराखाली जमली होती. दादाजी उभे होते, रुपराव होता, काठी टेकून कोतवाल कवडू होता. बंडीच्या सावलीत रंभाबाई बसल्या होत्या, पदर नीट डोक्यावर घेऊन, कोणाच्या लग्नाला आल्यासारख्या. त्यांना रात्री सपन पडलं होतं म्हणे. हिवराच्या बुडाशी एक बाई मडकं घेऊन बसलेली दिसली. मास्तरांचा सपनावर विश्वास नव्हता, पण हाती काही लागत नाही म्हटल्यावर माणूस कशाच्याही मागे जातो.

गोपिका धावली. शिदोरी कुठं ठेवली, तिला आठवलं नाही.

परळ काढून बाजूला ठेवली होती. चंपतराव पोटावर पालथे पडून कुंचल्यानं माती झाडत होते. कुंचला असा हलका की माशीसुद्धा उठू नये. मडक्यात इवली इवली हाडं होती, पाखराची असावीत तशी, आणि मातीत सांडलेले काळे मणी. दोरा कुजून गेला होता.

"या, ताई," त्यांनी तिला पाहून म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमच्या मण्यानं हे दाखवलं. हे पाहा, कसं निजवलंय लेकराला. पाय पोटाशी घेतलेत. डोकं नदीकडे. हाताला मणीसुद्धा बांधलेत तिनं. दोन हजार वर्षं झाली, पण हात आईचेच आहेत, कोणीही ओळखेल."

गोपिकेचे हात तिच्या दोन्ही बाजूंना लोंबत होते. ते कोणी ओळखले नाहीत.

"ते माहं हाय," ती म्हणाली.

आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. सासऱ्यांच्या पुढ्यात ती कधी बोलली नव्हती. दादाजींनी वळून पाहिलं. चंपतराव मात्र समजून घेतल्यासारखे हसले. वावरातून निघालेल्या वस्तूवर शेतकऱ्याचा जीव असतो, हे त्यांना माहीत होतं.

"तुमचंच आहे, ताई. कोण नाही म्हणतं? शेत तुमचं, नावही पाटलांचंच लागेल. मी नुसता सांभाळायला नेतोय."

"नाही, मास्तर. ते मडकं मी..."

रुपरावनं तिचं कोपर धरलं आणि तिला हिवराच्या मागच्या बाजूला नेलं. ओढलं नाही, पाहणाऱ्याला वाटलं असतं, उन्हानं बायकोला भोवळ आली म्हणून सावलीत नेतो आहे.

"कवडू उभा हाय तिथं," तो हळू म्हणाला. "सांगतं का त्याले? सांग. मंग मायले बेड्या पडतीन, अन् मलेही. खड्डा मीच केला."

"माही पोर हाय ते."

"पोर कवाचीच गेली, गोपिके. आता खड्ड्यात असो का पेटीत असो, तिले काय?"

तो वाईट माणूस नव्हता. खड्डा करताना तो रडला होता, हे तिनं पाहिलं होतं. म्हणूनच ते शब्द तिच्या छातीत खोल रुतले; वाईट माणसाचे असते तर ती ओरडली असती.

ती परत आली. एकदा, शेवटचं, तिनं मास्तरांकडे पाहून विचारलं, की हे लेकरू एवढ्यातलं नसन कशावरून. चंपतरावांना प्रश्न आवडला. त्यांनी परळीची कड तिला दाखवली, आतला काळा रंग दाखवला. असलं भांडं आता जगात कोणी कुंभार घडवत नाही, ताई, म्हणाले. भांडं जुनं, म्हणजे लेकरूही जुनंच. त्यांचं भांड्याबद्दलचं म्हणणं अगदी खरं होतं. तिनंच ते निवडलं होतं.

परत जाताना वाटेत रंभाबाईंनी तिला गाठलं. त्यांचा चेहरा कितीतरी वर्षांनी मोकळा दिसत होता.

"दोन हजार वर्षांचं म्हणते तो. शिकलेला माणूस म्हणते. आता कोणी काय विचारन, सांग?" मग तिच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं, "अन् तुलेच तर पायजे होतं ना वं, का तिथं कुदळ लागू नये? नाही लागत आता."

चंपतराव दुसऱ्या दिवशी निघाले. मडकं पेटीत ठेवून पेटी बंडीत चढवली, तेव्हा गोपिका घरातून एक जुनं लुगडं घेऊन आली. मऊ झालेलं, शामलाच्या झोळीचं. तिनं ते पेटीत मडक्याभोवती खोचलं, डोक्याच्या बाजूला जरा जास्त. "बंडी हादरते," एवढंच म्हणाली. मास्तरांनी हात जोडले. असं जपणारी माणसं गावोगाव असती तर देशात काही नष्ट झालं नसतं, असं ते दादाजींना म्हणाले आणि मनापासून म्हणाले.

मृगाच्या आत कागद आला आणि पावसाळा सरताना पाटी लागली. लोखंडी खांबावर, पांढऱ्या अक्षरांत. भोवती तार. गावानं नारळ फोडला. संत्र्यांना शेणखत पडू लागलं आणि पांढरी निवांत झाली. उरलेल्या कडेवर गवत उगवलं, भिंती पोतारायला बायका नदीपलीकडची माती आणू लागल्या. जमिनीखालचं गाव आपल्या चुली, आपली राख, आपल्या चोपलेल्या भुया अंगाखाली घेऊन पुन्हा झोपी गेलं. ते खरंच वाचलं होतं.

शामला गेली त्या तिथीला गोपिका वाटीभर दूध घेऊन हिवराकडे गेली. नुसता खड्डा होता, बुजवलेला, तरी गेली. तारेजवळ कवडू कोतवालानं काठी आडवी धरली.

"पाटीच्या आत पाय ठेवाले मना हाय, बाई."

"काहून गा? आता काय हाय तिथं?"

"मले काय माहीत? सरकारले माहीत."

तिनं दूध तारेबाहेरच ओतलं. काळ्या मातीनं ते लगेच पिऊन टाकलं.

थंडीत नागपूरला मोठं शेतकी प्रदर्शन भरलं. चंपतरावांनी पत्र पाठवून पाटलांना सहकुटुंब बोलावलं होतं. एका तंबूत त्यांनी बोरडोहच्या वस्तू मांडल्या होत्या. सावनेरहून सगळे छोट्या आगगाडीनं गेले. दादाजींनी नवा फेटा बांधला होता. ओलिताची यंत्रं पाहिली, टोपलीएवढा कोबी पाहिला, मग त्या तंबूत आले. बाहेर रांग होती. चंपतरावांनी पाटलांना रांगेतून पुढं घेतलं आणि लोकांना मोठ्यानं सांगितलं, की हेच ते गृहस्थ. दादाजींच्या गळ्यात हार पडला. रंभाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि चारचौघींत पुन्हा एकदा सपनाची गोष्ट सांगितली. आता त्या बाईला सपनात हिरवं लुगडंही आलं होतं.

काचेच्या पेटीत मडकं अर्धं कलतं ठेवलं होतं, आतलं दिसावं म्हणून. खाली लाल मखमल. काळे मणी वेगळे काढून, पुसून, नव्या दोऱ्यात ओवले होते. लुगडं कोणी काढून टाकलं होतं. एक बाई कडेवरच्या पोराला काचेजवळ धरून दाखवत होती, पाहा, दोन हजार वर्षांचं बाळ, आणि पोर काचेवर हात आपटून हसत होतं.

गोपिका काचेपासून हातभर दूर उभी राहिली. डोकं नदीकडे नव्हतं. नदी कोणत्या बाजूला असेल, हे तिला या तंबूत कळेना. तिचा पदर छातीवर आपोआप ओढला गेला.

तारा मात्र काचेला नाक लावून उभी होती. ती आता दुसरीत होती. दुकानांच्या पाट्या, गाडीचे डबे, दिसेल ते वाचत सुटायची. पेटीवर एक जाड कागद चिकटवला होता. त्यावर बोट ठेवून तिनं अक्षर अक्षर जुळवलं.

"ता-न्हे मूल. का-ळ दोन ह-जार वर्षांपूर्वीचा." मग जरा अडखळून, "मा-ता अ-ज्ञा-त."

तिनं ते शेवटचं पुन्हा वाचलं. शाळेच्या पुस्तकात माता सीता होती, माता कौसल्या होती. अशा नावाची कोणी तिला माहीत नव्हती, पण नाव तिला आवडलं. रुपराव शेजारीच उभा होता, दुसऱ्या बाजूला रंभाबाई हारातलं फूल नीट करत होत्या. तारानं वळून गोपिकेचा हात धरला.

"माय," तिनं विचारलं, "ही माता अज्ञात कोणाची सून होय वं?"